एएफचं अ‍ॅब्लेशन: कॅथलॅबला पाच स्टार, काउंटरला दोन

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे माझं, दोन लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग सेट, फाउंड्रीवाल्यांचं कास्टिंग येतं ते मशीनिंग करून द्यायचं, तीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे माझ्या अ‍ॅब्लेशनचा, म्हणजे हृदयात वायर घालून बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायच्या उपचाराचा, हा रिव्ह्यू जॉब तपासणाऱ्या माणसाच्या नजरेनं लिहायलोय. हॉस्पिटल बेंगलोरचं, मोठं. नाव घालत नाही, कारण खाली शिव्या पण आहेत आणि त्या काउंटरवरच्या दोघा-तिघांना आहेत, अख्ख्या हॉस्पिटलला नव्हेत.

झालं काय की दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसात छातीत फडफड सुरू झाली. दुखत नव्हतं. पोत्यात कोंबडं कोंडल्यासारखं वाटायचं, नाडी धरली तर एक ठोका मोठा, दोन बारके, मग एकदम गॅप, मग तीन पटापटा. म्हटलं गॅस असेल, सोडा प्यालो, आमच्या हिनं ओवा दिला, रात्री थांबलं. पंधरा दिवसांनी परत. एकदा थर्ड गेटच्या पुलावर दम लागून कठड्याला धरून उभा राहिलो तेव्हा पोरगी म्हणाली, पप्पा, आता ओवा बास. बेळगावातच ईसीजी काढला, तर तीनदा नॉर्मल! दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके ताळ्यावर यायचे, गाडी मेकॅनिकच्या दारात नेली की आवाज बंद होतो की नाही, तसलाच प्रकार. चौथ्या वेळेला सापडलं. एट्रियल फिब्रिलेशन, एएफ.

हृदयाला वरचे दोन कप्पे आणि खालचे दोन. वरच्या उजव्या कप्प्यात एक टायमिंग देणारी जागा असते, ती मिनिटाला साठ ते शंभर वेळा स्पार्क देते आणि सगळं हृदय त्यावर चालतं. एएफमध्ये वरच्या कप्प्यात मिनिटाला तीनशे ते सहाशे असे आडवेतिडवे करंट फिरतात, कप्पा आकसत नाही, नुसता थरथरतो. नशीब की मधे एक गाठ आहे ती सगळे करंट खाली सोडत नाही, नाहीतर माणूस जागेवरच खलास. पण खरी भीती वेगळीच. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते, तिथं रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पॅरालिसिस. एएफवाल्याला हा धोका साधारण पाचपट. मला बीपी आणि शुगर दोन्ही, म्हणजे त्यांच्या धोक्याच्या हिशेबात दोन मार्क, म्हणून रक्त पातळ करायची गोळी पहिल्या दिवसापासून चालू.

या गोळीवरून मामा आठवले. आमचे निपाणीचे मामा, तंबाखूच्या धंद्यात जन्म गेला, त्यांना हाच आजार २०१४ पासून. त्यांना अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची जुनी गोळी होती, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, तपासायचा, दोन ते तीनच्या मधे ठेवायचा, आणि पालेभाजी आज खूप उद्या नाही असं केलं की आकडा पळायचा. मामींनी मेथी, तांदळी घरात आणायचीच बंद केली होती, खरं तर डॉक्टरनी बंद करा असं सांगितलंच नव्हतं, रोज सारखीच खा म्हणून सांगितलं होतं. मला नवी गोळी मिळाली, दिवसातून दोनदा, आयएनआरची भानगड नाही. पण लहानपणीच्या सांधे धरणाऱ्या तापानं ज्यांची हृदयाची झडप आकसलेली आहे, आणि आपल्या भागात असे पेशंट कमी नाहीत, त्यांना अजून ती जुनीच द्यावी लागते, तेव्हा शेजाऱ्याची गोळी बघून आपली बदलायला जाऊ नका.

मामांचं अ‍ॅब्लेशन २०१६ ला पुण्यात झालं, उष्णता देऊन जाळायचं, आणि २०१७ ला परत तेच करावं लागलं. माझं यंदा बेंगलोरला झालं, नव्या पद्धतीनं, विजेच्या झटक्यांनी. म्हणजे एकाच घरात दोन पिढ्यांची मशीनं बघून झाली, म्हणून म्हटलं लिहावंच.

आता डॉक्टरांबद्दल. यांना पाचच्या वर स्टार देता आले असते तर दिले असते. पहिल्या भेटीत विचारलं, काय करता तुम्ही? म्हटलं, लेथ. तर बाबानं माझ्याच फाइलचा पाठीमागचा कोरा कागद घेतला आणि चाळीस वर्षांचा इतिहास काढून दाखवला. रातभर रेल्वेत बसून आलेला माणूस, मला वाटलं पाच मिनिटात बाहेर काढतील, अर्धा तास बसवलं.

म्हणाले, आधी छाती फाडून करत होते. १९८७ साली अमेरिकेत सेंट लुईसला जेम्स कॉक्स नावाच्या सर्जननी हृदयाचा वरचा कप्पा ठरावीक रेघांवर कापून परत शिवला. शिवलेल्या जागी व्रण होतो, व्रणातून करंट जात नाही, म्हणजे आडव्यातिडव्या करंटला प्रत्येक गल्लीत भिंत, आणि सरळ करंटला एकच वाट मोकळी. नाव ठेवलं मेझ, म्हणजे भूलभुलैया. चालायचं चांगलं, पण नुसती धडधड बंद करायला एवढं मोठं ऑपरेशन कोण करून घेणार? मग मांडीच्या शिरेतून वायर घालून, टोकानं जाळत जाळत तसल्याच रेघा मारायचा प्रयत्न नव्वदच्या दशकात झाला, तासन् तास लागायचे आणि गुठळ्या-बिठळ्यांचा त्रास व्हायचा.

खरी किल्ली सापडली १९९८ ला, फ्रान्समधल्या बोर्दो गावात. मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या टीमनी ४५ पेशंटमध्ये शोधलं की ही आग लागते कुठून. ६९ जागा सापडल्या आणि त्यातल्या शंभरात चौऱ्याण्णव एकाच ठिकाणी, फुफ्फुसातून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या चार शिरांच्या आत. म्हणजे इतकी वर्षं लोक अख्ख्या कप्प्यात रेघा मारत बसले होते आणि ठिणगी दारातून येत होती! हे ऐकून मी खुर्चीतच सरळ झालो. आमच्यात पण हेच की हो, मशीन थरथरलं की सगळे बेअरिंग उघडत बसतात आणि फाउंडेशनचा एक बोल्ट सैल निघतो.

मग सुरुवातीला शिरेच्या आत जाऊन ती जागाच जाळायचे. पण आत जाळलं की शीर आकसते, पेशंटला दम, खोकला, हे नवंच दुखणं. म्हणून बाहेर सरकले, शिरेच्या तोंडाभोवती कप्प्याच्या भिंतीवर गोल रिंगण जाळायचं, ठिणगी आत राहू दे, बाहेर येऊ नये एवढंच बघायचं. आजपण कुठलंही मशीन घ्या, काम हेच आहे, शिरांची तोंडं वेगळी पाडायची. फरक फक्त रिंगण कशानं मारायचं याचा.

मामांचं मारलं ते टॅक वेल्डिंगसारखं. वायरचं टोक टेकवायचं, काही सेकंद तापवायचं, शेजारी सरकायचं, परत तापवायचं, असे ठिपक्याला ठिपका जोडत गोल पूर्ण. आता ज्यानं टाकी वेल्ड केली आहे त्याला विचारा, ठिपक्यात बारीक गॅप राहिली तर काय होतं? पाणी भरेपर्यंत कळत नाही, भरलं की पाझरतं. शिवाय काही ठिपके त्या दिवशी सुजेमुळे बंद दिसतात, सूज उतरली की तिथून करंट परत चालू. मामांचं हेच झालं, आठ महिन्यांनी दोन शिरा परत जोडल्या गेल्या होत्या. पुण्यातल्या त्या वेळच्या डॉक्टरांचा हात वाईट होता असं मी म्हणणार नाही. आता हाच प्रकार करताना टोक भिंतीवर किती दाबलंय ते ग्रॅममध्ये दाखवणारी वायर असते, कप्प्याचा नकाशा कॉम्प्युटरवर रंगीत दिसतो, त्यानं जोड पुष्कळ सुधारलाय म्हणे.

मग बर्फाचा फुगा आला. शिरेच्या तोंडावर फुगा बसवायचा, आत थंड गॅस सोडायचा, सगळं रिंगण एका दमात गोठवायचं. हे म्हणजे तयार गॅस्केट बसवल्यासारखं. २०१६ ला दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना झाली, ७६२ पेशंट, निकाल बरोबरीचा. फुग्याला वेगळीच खोड, उजवीकडच्या शिरांजवळून श्वासाच्या पडद्याची नस जाते, ती कधी कधी गारठून बधिर होते, बहुतेकांची परत येते.

एक गोष्ट मला फार आवडली. मधे असा जमाना होता की जुनाट एएफवाल्यांना नुसतं रिंगण पुरत नाही, जादा रेघा पण मारा. २०१५ ला ५८९ पेशंटवर तपासलं, जादा रेघांनी काही फायदा दिसला नाही. आमच्या हाताखालच्या पोरांना हे रोज सांगतो, जोड लीक होत असेल तर वरून अजून दोन थर चढवून जॉब सुधारत नसतो, गॅप शोध आधी.

आणि आता माझ्यावर वापरलेलं मशीन, पल्स्ड फील्ड. यात जाळायचंही नाही, गोठवायचंही नाही. सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता खूप जास्त व्होल्टेजचा झटका, त्यानं पेशीच्या कातडीला भोकं पडतात आणि पेशी मरते. गंमत अशी की हृदयाच्या स्नायूची पेशी या झटक्याला लवकर बळी पडते, आणि पाठीमागची अन्ननलिका, शेजारची नस, त्यांना तेवढ्या झटक्यात सहसा काही होत नाही. हे का महत्त्वाचं? तर डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीला अन्ननलिका चिकटून असते, आणि उष्णतेच्या पद्धतीत क्वचित, अगदी क्वचित, तिला भोक पडून दोन-चार आठवड्यांनी माणूस दगावतो. उष्णतेवाले डॉक्टर तिथं भीत भीत काम करतात. नव्या पद्धतीत ती भीती बरीच कमी झाली. युरोपात २०२१ ला परवानगी मिळाली, अमेरिकेत डिसेंबर २०२३ ला.

इथं काउंटरची पहिली तक्रार. पॅकेज सांगणाऱ्या पोरानं आम्हाला काय सांगितलं, सर, नवी टेक्नॉलॉजी, हंड्रेड पर्सेंट, वन टाइम सोल्युशन, परत यायची गरजच नाही. खर्च मामांच्या वेळच्या दुपटीच्या आसपास. मी डॉक्टरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, २०२३ ला ६०७ पेशंटवर जुन्या उष्णता-गोठवण पद्धतीशी तुलना झाली, वर्षानंतर नव्याचं यश शंभरात ७३, जुन्याचं ७१. बघा आता! म्हणजे निकाल बरोबरीचाच, नव्याचा फायदा आहे तो वेळ वाचण्यात आणि आजूबाजूला इजा कमी होण्यात. त्यासाठी मी पैसे दिले आणि पस्तावलो पण नाही. पण शंभर टक्के हे कुठनं आणलं? मी गिऱ्हाइकाला पार्ट देताना रिजेक्शन शून्य येईल असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तो मला उभा करून विचारेल. रिवर्क लागू शकतं, लागलं तर नव्यानं बिल होईल, एवढं एक वाक्य सांगायला काय जातं? मामांना पण कुणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या वेळेला मामींनी पाटल्या गहाण ठेवल्या.

डॉक्टरांनी अजून एक स्पष्ट सांगितलं. २०१९ ला २२०४ पेशंटचा मोठा अभ्यास आला, गोळ्या विरुद्ध अ‍ॅब्लेशन, त्यात मरण, पॅरालिसिस असल्या गोष्टी धरून हिशेब केला तर ठळक फरक निघाला नाही, पण जगणं सुधारलं, धडधड कमी झाली. ज्यांच्या हृदयाचा पंपच कमजोर आहे त्यांना मात्र २०१८ च्या एका अभ्यासात जीव वाचण्यापर्यंत फायदा दिसला. माझा पंप चांगला आहे. म्हणाले, तुम्हाला त्रास होतोय म्हणून करूया, आयुष्य वाढेल म्हणून नव्हे. गोळ्यांवर राहायचं तरी राहू शकता. मी ठोके ताळ्यावर ठेवायच्या एमिओडॅरोन गोळीवर सहा महिने काढले होते, त्याच गोळीनं मामांचा थायरॉइड बिघडलेला, म्हणून म्हटलं करून टाका.

प्रत्यक्ष दिवसाचं फार लिहीत नाही, कारण मी झोपेतच होतो. आदल्या दिवशी घशातून नळी घालून पिशवीत गुठळी नाही ना बघितली, ते सगळ्यात वाईट, दोन दिवस घसा धरलेला. मग कॅथलॅबमध्ये, म्हणजे वायर घालायच्या ऑपरेशनच्या खोलीत, मांडीच्या शिरेतून वर, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून डावीकडं, चार शिरा, झालं. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत आमची ही म्हणते दोन तास पण झाले नाहीत. मामांना पाच तास ठेवलं होतं. नंतर पाय सरळ ठेवून सहा तास निपचित पडायचं, कंबर मोडते, आधीच सांगून ठेवतो. नर्स दर तासाला लघवीचा रंग बघून जायची, झटक्यांनी थोड्या लाल पेशी फुटतात आणि किडनीवर भार येऊ शकतो म्हणून सलाइन जोरात चालू. मांडीवर जांभळा डाग पंधरा दिवस राहिला.

नर्सिंगला साडेचार स्टार. माझी कन्नड म्हणजे उद्यमबागेतली कन्नड, मी म्हटलं, "सिस्टर, एदी ढवढव ऐत्री," म्हणजे छाती धडधडायलीय, तर वॉर्डमधल्या पोरी हसून हसून बेजार. राग नाही, आमची कन्नड बेंगलोरला कुणालाच समजत नाही. संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजी, दहा पानं, सही करा म्हणून घाई. शेवटी खानापूरकडचा एक वॉर्डबॉय निघाला, त्यानं बाजूला बसून मराठीत सगळं सांगितलं, "काका, हितं लिहिलंय की भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकतंय, क्वचित, घाबरू नका पण म्हाईत असू द्या." ते त्याचं काम नव्हतं. काउंटरला मात्र आधारवर कर्नाटक आणि तोंडात मराठी बघून दोनदा विचारलं, महाराष्ट्राचे का? बेळगावचा माणूस कुठंही गेला तरी या प्रश्नाचं उत्तर लांबच असतं. गावाकडचे बरेच जण विचारायलेत की २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना जाहीर केली ती चालते का. बाबांनो, माझा खासगी इन्शुरन्स होता, तुम्ही जाल त्या हॉस्पिटलात आधी लेखी विचारा, तोंडी नको.

आता दुसरी आणि मोठी तक्रार. घरी आलो, तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता परत तीच फडफड. घरात रडारड. मला वाटलं झालं, पैसे पाण्यात. डिस्चार्जच्या कागदावर दिलेल्या नंबरला फोन लावला, एकानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, चौथा म्हणाला सकाळी ओपीडीत या. सकाळी ओपीडीत? बेळगावहून? शेवटी डॉक्टरांच्या असिस्टंटचा नऊ वाजता फोन आला आणि दोन मिनिटात मी शांत झालो. म्हणाल्या, पहिले दोन-तीन महिने हिशेबात धरतच नाहीत, आत जखम भरायलीय, सूज आहे, त्यामुळे ठोके चुकू शकतात, याचा अर्थ काम फसलं असा नव्हे. चक्कर, छातीत दुखणं, ताप, गिळताना त्रास, तोंड वाकडं होणं, यातलं काही असेल तर मात्र एक मिनिट थांबू नका, जवळच्या दवाखान्यात जा. अहो, मग हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं की! इंजिन बोअर करून दिलं की आम्ही स्टिकर चिकटवतो, पहिले हजार किलोमीटर रनिंग इन, चाळीसच्या वर पळवू नये. एका स्टिकरचं काम. त्यासाठी आमच्या घरानं एक रात्र जागून काढली.

रक्ताची गोळी चालूच आहे. बऱ्याच जणांना वाटतं अ‍ॅब्लेशन झालं की गोळी सुटली. माझे दोन मार्क ठोके सुधारल्यानं पुसले जात नाहीत, बीपी आणि शुगर आहेच.

आणि वजन. हे ऐकायला मी तयार नव्हतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला २०१५ ला बघितलं की जाड एएफवाल्यांपैकी ज्यांनी शंभरात दहा किलोच्या हिशेबानं वजन उतरवून टिकवलं त्यांच्यात फडफड कितीतरी कमी झाली. माझे ब्याण्णव होते, आता शहाऐंशी. कुंदा बंद, लग्नात मांडे आले तर अर्धा. रात्री घोरतो म्हणून झोपेची तपासणी पण करायला लावलीय, अजून केली नाही. गोव्याहून दोस्त येताना जे आणतात ते पण बंद, दोस्त नाराज.

तर हिशेब असा, डॉक्टर पाच, कॅथलॅब पाच, नर्सिंग साडेचार, तो वॉर्डबॉय पाच, पॅकेज काउंटर दोन, रात्रीचा फोन एक. जाताना जुने सगळे ईसीजी घेऊन जा, नॉर्मल आलेले पण, आणि फडफड कधी झाली त्याची वही. माझी वही बघूनच डॉक्टर म्हणाले होते की हा जॉब घेण्यासारखा आहे.

गेले सात आठवडे काही नाही. पुढच्या महिन्यात बेळगावातच चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी, लावणार. काल मामांचा फोन आलेला निपाणीहून, पहिला प्रश्न, "काय रे, पाझरायलंय का कुठं?" म्हटलं मामा, अजून टाकीत पाणी भरलेलं नाही.